सोन्नी, नाल्कु, एरडु

सट्टुपा घाडीनं पिकअप ढकलत आणली, मागं त्याचे दोन मेहुणे,
खानापुरात, रेल्वे फाटकाच्या अलीकडं.
"नवी बॅटरी घातलोय खरं,
तीन रात्री उभी राहिली की मेलीच बघ."
डायनामो बेळगावात भरून झालेला. बॅटरी ही दुसरी.
मी म्हटलं, ठेव आणि जा.
हे काम गाडी निजल्यावर करायचं असतं.

आठला शेजारच्या गिरणीचा पट्टा थांबला.
निगेटिव्ह सोडवलं, मधे मीटर घातला,
दाराचं बटण चिमट्यानं दाबून ठेवलं
आणि बसून राहिलो.
अर्धा धंदा बसून राहण्याचाच.
कासम मेस्त्री म्हणायचे, चोर धरायचा तर
आधी घर निजल्यागत कर.

दुंडाप्पा मीटरपाशी उकिडवा.
आकडे तो त्याच्या भाषेत वाचतो, मी माझ्या भाषेत ऐकतो.
"सोन्नी. नाल्कु. एरडु."
चावी माझ्या खिशात,
आणि बंद गाडी शून्य पॉइंट चार दोन पिऊलालीय.

फ्यूज उपटायला लागलो.
हॉर्न. "हंग ऐती."
वायपर. "हंग ऐती."
टेप, सट्टुपाच्या थोरल्यानं कोल्हापुरात बसवून आणलेला,
माझा सगळा संशय त्याच्यावर.
"हंग ऐती, अण्णा."
सगळे फ्यूज तळहातावर आले,
लाल, निळे, पिवळे, जत्रेतल्या गोळ्यांसारखे,
आकडा जागचा हलेना.

म्हणजे पाणी नळातनं जात नव्हतं.
कुणीतरी टाकीलाच भोक पाडलेलं.

डायनामोची जाड वायर सोडली. तसंच.
मग बॅटरी तोंडात धरून बॅटरीकडं बघितलं.
पॉझिटिव्हच्या क्लॅम्पखाली, हिरव्या बुरशीत,
एक बारीक तपकिरी वायर, कंपनीनं न दिलेली.
चॅसी धरून मागं गेलेली,
जागोजागी सुतळीनं बांधलेली,
वर डिझेल, चिखल, रताळ्यांची लाल माती.
मधे जोड.
टेप नाही, सायकलच्या ट्यूबची पट्टी.
पट्टी सोलली.
तीन पीळ, आणि टोक उलटं दुमडलेलं.

मी चाकाला टेकून खाली बसलो.

असं टोक एकच पोरगं दुमडायचं,
चौदा वर्षांचं,
तारेनं बोट फाटायला नको म्हणून.
तेव्हा ही गाडी पांढरी होती,
नंदगडच्या मंडपवाल्या रुद्रापा मुचंडीची.
लग्न उरकून रात्री भांडी भरताना काहीच दिसत नाही, म्हणाला,
चावी नसली तरी पेटंल असा एक दिवा दे की.
मेस्त्री जेवायला गेलेले.
मी दिला.
फाळकं उघडलं की बटण सुटायचं, दिवा लागायचा.
फ्यूज घालायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.
रुद्रापानं दहाची नोट माझ्या वरच्या खिशात कोंबली,
त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, पळत गेलो.

वायर हौद्यात शिरली, फळ्यांच्या मागं.
फळ्या सट्टुपाच्या, रताळी खरचटायला नकोत म्हणून ठोकलेल्या.
चार खिळे उपसले.
दिवा पेटलेला होता.
बटणाची स्प्रिंग गंजून गेली होती, कधीची कोण जाणे.
काच करपलेली, उबेला कोळ्यानं जाळं धरलेलं.
भर दुपारी, बाजार समितीच्या रांगेत, अनमोडच्या घाटात,
तो तसाच पेटत गेला असणार, लाकडाकडं तोंड करून.

वायर तोडली. सगळं पुन्हा जागच्या जागी.
"सोन्नी, सोन्नी, एरडु!" दुंडाप्पा ओरडला.
तेवढं घड्याळाचं. तेवढं जायचंच.

सकाळी सट्टुपा म्हणाला, कुठल्या गाढवानं जोडलं होतं रे?
होतं एक पोरगं.
पैसे किती?
दहा रुपये दे.
त्याला वाटलं मी चेष्टा करूलालोय,
दोनशे ठेवून गेला, स्टार्टर एका दमात.

पलीकडं दुंडाप्पा कुणाच्यातरी रिक्षाचा हॉर्न जोडत होता.
वाकून बघितलं.
तीन पीळ. टोक उलटं.

"फ्यूज घातलास काय रे?"